आधी चूल, मग बंदूक

"गाडी वळवून ठेव गो." कुणाच्याही अंगणात पोचलं की बाईंचं पहिलं वाक्य हेच. अजून चपला काढलेल्या नसायच्या आणि निघायची तयारी आधी. फौजींची चरित्रं लिहिणाऱ्या आमच्या या बाई कधी खुर्चीत टेकलेल्या मी पाहिल्या नाहीत. चहा उभ्याने, प्रश्न उभ्याने. समोरचा म्हातारा सुभेदार बोलता बोलता त्यांच्यामागून माडांत फिरत असायचा.

मालवणच्या कॉलेजात त्यांनी मला इतिहास शिकवला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आई मासे विकायची. हे मी मान ताठ ठेवून सांगते. बाई निवृत्त झाल्यावर त्यांना स्कूटरवरून न्यायचं काम मी मागून घेतलं.

त्यांची पद्धत ठरलेली. फौजी ओटीवर मेडलं मांडून बसलेला, आणि बाई त्याला ओलांडून थेट स्वयंपाकघरात. "आधी चूल, मग बंदूक. बाहेर तो लढाई सांगणार. घरी कसा परत आला, ते आत कळतं." एका सुभेदाराला हे झोंबलं. "बाई, लढाय मी केलंय काय हिणा?" आतून बायको ओरडली, "तुमी सा म्हयने लढलास, मी जल्मभर!" पुस्तकात दोन्ही आलं.

आरोंद्याच्या कर्नलसाहेबांकडे मात्र बाई चुकल्या. साहेबांनी फाटकापर्यंत येऊन सलाम ठोकला. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, ट्रेमधून चहा. वर्षभर आम्ही जात होतो आणि बाई व्हरांड्यातच येरझाऱ्या घालत होत्या. ट्रे आणणाऱ्या वहिनी, साहेबांच्या पत्नी, दारातूनच मागे फिरायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, आत नाही जायचं?"

"इथे गरज नाही गो. साहेब शिकलेले आहेत."

हे वाक्य मला टोचलं. अजून टोचतं.

साहेबांवरचं पुस्तक गाजलं. बर्फातल्या चौकीवरून साहेबांनी जखमी जवान खाली आणले, ते प्रकरण शाळांतून वाचलं गेलं. मग बांद्याला साहेबांच्या सत्कारात मागून एक निवृत्त हवालदार उठला. "साहेब, तुमी खाली तंबूत होतात. वर गेलो तो कट्टा गावचो शिवा. जखमी त्याणा खाली धाडल्यान, तो परत इलोच नाय."

साहेब मंचावरून उतरले. आठवडाभरात मासळीबाजारापर्यंत तोच विषय. "आरोंद्याक इतक्यो फेऱ्यो कित्याक, ता आता कळला," असं बाईंचं नाव साहेबांशी जोडूनही बोलून झालं. प्रकाशक म्हणाला, पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकू.

बाई आरोंद्याला गेल्या, व्हरांडा ओलांडून सरळ आत. वहिनी नारळ खवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अजून झोपेत वरडतत, 'शिवा, तू हो फुडे.' माका कोण इचारता?"

बाईंनी पुस्तक बाजारातून काढायला लावलं. "माणसाला तळटीपेत गाडायचं नाही," एवढंच बोलल्या. इतक्या वर्षांचं नाव गेलं. पुढे त्यांना कुठल्या व्यासपीठावर कोणी बोलावलं नाही.

बाई आता नाहीत. शिवाचं चरित्र अर्धं राहिलंय, ते मी पुरं करतेय. त्याची सुरुवात बाई असतानाच, कट्ट्याला शिवाच्या घरी झाली. शिवाची आई चुलीपाशी होती. बाई दारात उभ्याच. "माफी मागायला आले."

म्हातारीने वर न बघता पाट पुढे सरकवला. "बस आधी. माझ्या झिलाचा उभ्यान आयकाचा नाय."

बाई बसल्या.

मी बाहेर आले. स्कूटर सवयीने रस्त्याकडे तोंड करून वळवून ठेवलेली होती. ती ओढून फणसाखाली लावली.