पदराखालचे हात

तेजस्वीला मी नावं ठेवणार नाही. तिनं स्वतःला ठेवली तेवढी पुरेत. शिवाय हेंद्रेपाड्यातल्या निम्म्या बायका तिच्याकडच्या बरणीत फुकट बोट बुडवून आल्या आहेत, त्यांत मीही आलेच. तेव्हा मला बोलायला तोंड नाही.

तेजस्वी घरी बॉडी बटर, म्हणजे अंगाला चोळायचं मलम, करते. शिया बटर उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून आणायचं, त्यात कोकमाचं तेल आणि खोबरेल वितळवायचं, फ्रिजमध्ये जरा थिजू द्यायचं आणि मग बीटरनं घुसळत राहायचं. बघता बघता ते दुप्पट फुलतं, लोण्यासारखं पांढरं होतं. आमच्या बदलापूरच्या उन्हाळ्यात बटराआधी करणारीच वितळते, ते सोडा. एक नियम मात्र कडक. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये, नाहीतर बुरशी धरते.

या नियमानं घरात आपोआप वाटणी झाली. कोरडं काम सुनेकडे, ओलं सासूकडे. सासू म्हणजे वेणूबाय. सारा जन्म भातशेतीत गेला. जमीन विकल्यावर हाताला काम नाही म्हणून कुरकुरायची. पहिल्याच दिवशी ती चिकट पातेलं घेऊन मोरीशी बसली आणि मग बसतच राहिली. असली भांडी साध्या साबणाला दाद देत नाहीत. कढत पाणी आणि धुण्याचा सोडा लागतो, नाहीतर मोरी तुंबते. तेजस्वीचे हात मोबाइलच्या व्हिडिओत दिसायचे, त्यामुळे ते जपणं भागच होतं.

अमितनं, तेजस्वीच्या नवऱ्यानं, लेबलं छापून आणली. त्यावर वेणूबायचा हसरा फोटो आणि खाली ओळ : ‘आजीच्या हातांइतकं मऊ.’ ओळ तेजस्वीची. लिहिताना तिनं आजीच्या हातांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. फोटोनं कमाल केली. ऑर्डरी अंबरनाथपासून शहाडपर्यंत जाऊ लागल्या.

तिनं ते हात पाहिले ते सासू भाकरी थापत असताना. वेणूबायच्या बोटांना उभ्या चिरा पडल्या होत्या आणि तांदळाचं पीठ त्यांत पांढरं भरून बसलं होतं. मिठाच्या पाण्यात हात बुडवला की म्हातारी दातावर दात दाबायची. कपाटात बरण्यांची उतरंड होती आणि त्यातली एकही या बाईसाठी उघडली नव्हती.

मग द्यायची ना तेव्हाच उचलून! मीही तिला हेच विचारलं. ती म्हणाली, “ताई, आता द्यायची म्हणजे इतके दिवस दिली नाही, हे तोंडावर कबूल करायचं.” उद्या देऊ म्हणता म्हणता लाजेवर लाज चढत गेली. भांडी मात्र मोरीशी जातच राहिली. एकदा तिनं स्वतः घासायला घेतली, तर वेणूबायनं हातातून ओढून घेतली. “तुजं हात नको खराब करू. मानसं बघतान.”

अंबरनाथहून राजसी नावाच्या मुलीचा फोन आला. तिचं लग्न होतं. हळदीच्या आधी मैत्रिणींचा आणि नातेवाईक बायकांचा घरगुती कार्यक्रम, तिथं सगळ्यांना एकेक बरणी द्यायची होती. वास संत्र्याचा आणि पुदिन्याचा हवा. “आणि वेणूआजींना घेऊनच या हां! पहिलं बोट मला आजीच लावणार. एकदम ब्लेसिंगसारखं.”

एवढी मोठी ऑर्डर आजवर आली नव्हती. नाही म्हणायचा धीर तेजस्वीला झाला नाही. कार्यक्रमाच्या दिवशी वेणूबाय ठेवणीतलं लुगडं नेसून, केसात अबोली माळून तयार झाली. कितीतरी दिवसांनी तिला कुणी मानानं बोलावलं होतं. दाराशी चप्पल घालताना तेजस्वी हळूच म्हणाली, “आई, तिथं हात जरा पदराखाली ठेवा.”

वेणूबायनं एकदा हातांकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. “बरं,” म्हणाली आणि पदर ओढून घेतला. तेजस्वी सांगते, सासूनं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

पण नवरीच्या उत्साहाला पदर काय अडवणार? राजसी धावत आली आणि तिनं आजींचे दोन्ही हात ओढून आपल्या गालांना लावले. लगेच दचकून मागे सरकली. खरखरीत कातडं गालावर ओढलं गेलं होतं. तिनं हात उलटे करून पाहिले.

“आजी, तुमचे हात असे कसे? तुम्ही नाही लावत?”

वेणूबाय हसली.

“माजीच चूक गं बाय. ती मना रोज लाव सांगते, मीच इसरतंय.”

“बघा, म्हणजे आमच्या आईसारखंच!” राजसी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. “मग आज आधी आम्ही तुम्हाला लावणार.” तिनं बरणी उघडली, बोटं भरभरून बटर घेतलं आणि आजीच्या तळव्यांवर चोळायला बसली. फोन वर झाले.

तेजस्वी समोरच उभी होती. त्या बटरात किती पुदिन्याचा अर्क घातलाय, हे तिला एकटीला माहीत होतं. उघड्या चिरांत तो आगीसारखा झोंबणार. वेणूबायच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, अगदी लेबलावरच्यासारखं. पण लुगड्याखाली तिच्या पायांची बोटं फरशीवर घट्ट वळली होती आणि डोळ्यांच्या कडा भरल्या होत्या. “बघा, आजी इमोशनल झाल्या,” कुणीतरी म्हणालं.

“थांब, चोळू नकोस!” तेजस्वी ओरडलीच. तिनं टेबलावरचा नॅपकिन घेतला, खाली बसली आणि सासूचे हात पुसू लागली. “झोंबतंय त्यांना. त्या विसरत नाहीत. मी त्यांना कधी दिलंच नाही. याची भांडी सोड्यानं घासून घासून त्यांचे हात असे झालेत. ते लेबल खोटं आहे.”

फोन एकेक करून खाली आले. राजसीच्या आईनं वाटीभर गार दूध आणलं आणि त्यात आजीचे हात बुडवले. बरण्या कोपऱ्यात तशाच राहिल्या.

परतताना रिक्षात तेजस्वी रडत होती. पण मनातून हलकी झाली होती, हेही तिनं मला सांगितलं. झालं ते झालं, आता खरं बोलून टाकलं, असं तिला वाटत होतं. बदलापूर येईपर्यंत वेणूबाय बाहेर बघत बसली होती. मग तिनं सुनेकडे तोंड वळवलं. तिला इतकं चिडलेलं तेजस्वीनं कधीच पाहिलं नव्हतं.

“सगलं सांगून मोकली झालीस. मंग मी येवरा सोसला कुनासाठी?”