आईच्या हातचं पाणी

नव्या माठात पाणी भरलं की ओल्या मातीचा वास सुटतो आणि निजामाच्या राज्यातली घाटनांदूरची आमची वस्ती आठवते.

तान्हा भाऊ तापानं फणफणला होता. बाप्तिस्मा राहिला होता, म्हणून फादरांना निरोप धाडला. आई बाळाला घेऊन माठाशेजारीच वाट पाहत बसली. फादर केजहून पोचले तोवर बाळ गेलं.

ते म्हणाले, "बाई, जीव जात असला तर कुणीही डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा द्यावा, अशी चर्चची शिकवण आहे."

आई म्हणाली, "आमच्या हातचं पानी गाव घेत न्हाई, फादर. देव कावून घेईल?"

आई गेल्यावर कितीतरी वर्षांनी चर्चमधल्या मिस्सात बायबलचं वाचन ऐकलं, की जिच्या हातचं त्याचे लोक पीत नसत, त्या बाईकडेच येशूनं विहिरीवर पाणी मागितलं. मी उठून बाहेर आले. हे आईला आधी कुणी का वाचून दाखवलं नाही?