चरबीतली तिसरी धमनी

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या दोन, असे पहिल्या वर्षी पाठ करून घेतले जाते. पण काही हृदयांत उजव्या धमनीची पहिली फांदी स्वतंत्रपणे, थेट महाधमनीतूनच निघते; तिला तिसरी कोरोनरी म्हणतात. तंजावरला शरीररचनाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मला प्रबंधासाठी हाच विषय हवा होता. तो नाकारला गेला, तर नडगीच्या हाडावरून माणसाची उंची ठरवण्याचा, दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडणारा विषय माझ्या वाट्याला येणार होता.

विभागप्रमुख बाई आमच्यासारख्याच इथल्या मराठी घरातल्या. विभागातला सारा व्यवहार तमिळमध्ये चाले. विद्यार्थ्यांदेखत मला बोल लावायचे असले, की मात्र त्या मराठीत येत.

मी पहिले हृदय दाखवले तेव्हाही तसेच झाले. महाधमनीच्या मुळाशी, उजव्या धमनीच्या मुखाशेजारी, मोहरीहून लहान छिद्र होते. बाहेर मात्र त्यातून निघणारी धमनी नव्हती.

"दार दाखवतेस मा, पण घर कुठे आहे? नुसता खळगा असेल," बाई म्हणाल्या; मराठीतही त्यांचे तमिळ 'मा' सुटत नसे.

घर कुठे गेले, हे विच्छेदनाच्या त्याच टेबलावर कळले. ते हृदय साफ करणारी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी पापनाशमहून रोज बसने येत असे. ती अभिमानाने म्हणाली, "अक्का, चरबीचा एक कणसुद्धा ठेवला नाही." ठेवला नव्हताच. आधी बाहेरची चरबी काढायची आणि महाधमनी शेवटी उघडायची, हा आमचा रिवाज. दोऱ्याएवढी धमनी चरबीबरोबर बादलीत जाई, आणि मागे उरलेल्या मुखाला आम्ही खळगा म्हणत असू.

मी क्रम उलटा करण्याची परवानगी मागितली. आधी उघडलेले हृदय परीक्षेत मांडता येत नाही, ही बाईंची हरकत रास्त होती. बराच वाद घातल्यावर एकच हृदय मिळाले; विषय मंजूर की नाही, हे त्यावरच ठरणार होते. त्यात तिसरे मुख नसते, तर तर्क बरोबर असूनही विषय हातचा गेला असता. एका नमुन्यावर काही सिद्ध होत नाही, असे मी सांगून पाहिले. तुझ्या नशिबाचीही चाचणी होऊ दे, असे त्या म्हणाल्या.

महाधमनी उघडली. तिसरे मुख होते. मासे पकडायच्या गळाचा बारीक नायलॉन धागा मी आत सरकवला. बाहेरून चरबीवर बोट ठेवून बसलेली ती विद्यार्थिनी पुटपुटली, "हलतंय, अक्का." मग तिने हात पाठीमागे बांधले आणि मी चरबी तंतू-तंतूने बाजूला केली. हृदयाच्या भिंतीवर, धागा पोटात घेऊन, धमनी उघडी पडली.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि धागा स्वतः दोनदा आतबाहेर करून पाहिला. वळून त्यांनी सगळ्या टेबलांना तमिळमध्ये बजावले, की उद्यापासून महाधमनी आधी उघडायची आणि प्रबंधासाठी हिने पाहिल्याशिवाय कुणी चरबीला हात लावायचा नाही. साफसफाईचे गुण मिळणार की नाहीत, यावर दालनभर कुरकुर सुरू झाली. मी तोवर शेजारच्या टेबलापाशी पोहोचले होते.