राहीचा डोहाळा आणि भागोजीचा तिरकमठा

भागोजीच्या नेमबाजीविषयी आंबेटी गावात दुमत नव्हतं, कारण त्याला नेम धरताना कुणी पाहिलंच नव्हतं.

पहाटे तिरकमठा खांद्याला अडकवून तो डोंगरात शिरायचा आणि उन्हं अंगणात येईपर्यंत रानकोंबडा घेऊन खाली उतरायचा. मधलं सगळं तो सांगायचा. देवळाच्या पायरीवर बसून, कोंबडा कुठल्या अंगाला आरवला, वारा कसा फिरला, आपण श्वास कसा कोंडला, हे सांगताना ऐकणाऱ्यांचाही श्वास कोंडायचा. भागोजीच्या गोष्टीतला बाण दोरीवरून सुटून पाखराला लागेपर्यंत माणूस अलिबागला जाऊन, कोर्टाची पुढची तारीख घेऊन परत आला असता.

साल एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. गावात ठासणीची एक बंदूक होती, पण तिची भीती पाखरांपेक्षा ती उडवणाऱ्यालाच जास्त. त्यामुळे शिकार म्हटली की तिरकमठा. भागोजीच्या घरचा तिरकमठा त्याच्या बापाचा, विठोबाचा. विठोबा मात्र खरा तिरंदाज. पाखराच्या बाणाला पातं नसतं, टोकाला लाकडाचं बोंड असतं. पाखराला भोसकायचं नाही, ठोसायचं. विठोबाच्या ठोशाने धावती लाव्हरी जागच्या जागी बसायची.

विठोबा गेला आणि गावाने ठरवूनच टाकलं की आता पोरगा. भागोजी पहिल्यांदा एकटा गेला तेव्हा एकही पाखरू मिळालं नाही. रडवेला होऊन उतरताना वाटेत चांगदेव कातकरी भेटला. त्याच्या फासात एक कोंबडा अडकला होता. भागोजीने पायलीभर तांदूळ कबूल करून तो घेतला. हेतू एवढाच, की आईला कालवण व्हावं. पण वेशीवरच म्हातारे म्हणाले, "बापाच्या वळणावर गेला हो!" कौतुकाने पाठीवर हात पडला की खरं बोलायला फार मोठा माणूस लागतो. भागोजीला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. तो गप्प बसला, आणि नंतर बोलायला लागला तो थांबलाच नाही.

लग्नाला सात वर्षं झाली आणि भागोजीच्या बायकोला, राहीला, दिवस गेले. नवस झाले होते, अंगारे झाले होते, शेजारणींचे सल्ले तर विचारू नका. त्यामुळे पाचवा लागल्यावर घरात सगळे असे हळू चालायचे की मांजरसुद्धा ओशाळायचं. राहीची आई सगुणा नागावहून टोपली घेऊन आली. लेकीजवळ बसून म्हणाली, "बाय, काय खावंसं वाटतं? लाजू नको."

राही नागावची, समुद्रावर वाढलेली. सगळ्यांना वाटलं करंदी मागेल, नाहीतर ओले बोंबील.

"मला रानातलं पाखरू पायजे," राही म्हणाली. "ह्यांच्या बाणाचं."

"एवढंच व्हय!" भागोजी ओटीवरून म्हणाला. "उद्या कोंबडा आणतो. तुऱ्याचा."

"उशीर नका करू, जावईबापू," सगुणा म्हणाली. "डोहाळा राह्यला तर पोराचे कान फुटतात. आमच्या शेजारच्या मैनेला नुसती कैरी पायजे होती. थोरला अजून कानात कापूस घालून फिरतो."

दुसऱ्या दिवशी भागोजी तडक चांगदेवच्या झोपडीवर गेला आणि कोंबडा घेऊन आला. राहीने परसात गरम पाण्यात बुचकळून तो सोलायला घेतला. मग हाक मारली, "अवो, जरा इकडं या."

भागोजी गेला.

"ह्याच्या पायाला बघा. वळ."

"धडपडला आसंल."

"फासाचा हाय. ह्याच्या आदीच्याला बी होता, त्याच्या आदीच्याला बी. बोंडाचा बाण लागला की मांस काळंनिळं पडतं. माझा मामा शिकारी होता, मी सोललीत अशी पाखरं. तुमचं एक बी पाखरू काळंनिळं न्हाय."

भागोजीने आधी आभाळाकडे पाहिलं, मग विहिरीकडे.

"तुला कदीपास्नं ठाऊक?"

"पयला कोंबडा सोलला तवापास्नं."

"मंग बोलली का न्हाय?"

"गोष्ट चांगली सांगता," राही म्हणाली. मग पाण्यातला हात पोटावर ठेवून तिने आवाज खाली आणला. "पन ह्याला गोष्ट नको. पाखरू पायजे. ह्यो कोंबडा तुमी नि आई खा."

तो कोंबडा भागोजीने खाल्ला, पण तो लाकूड चघळल्यासारखा. सात वर्षांनी येणाऱ्या पोराचे कान आपल्या एका बाणावर टांगलेत, हे त्याला प्रत्येक घासाला आठवत होतं.

तो पुन्हा चांगदेवकडे गेला. या वेळी तांदूळ न घेता.

"मला शिकव."

चांगदेवने त्याला नीट न्याहाळलं. "दादा, गावात तर तूच सगळ्यांना शिकवतोस."

"टोमणे नंतर मार. आदी शिकव."

चांगदेवने भागोजीच्या शेताच्या कुंपणावर एक जून दुधी टांगून दिला. भागोजीच्या पहिल्या बाणाने गवताची उडवी गाठली. दुसरा स्वतःच्याच म्हशीच्या पुठ्ठ्यावर बसला. बोंडाचा बाण तो, म्हशीला काय होणार? पण तिने मान वळवून असं पाहिलं की भागोजीने तिची हात जोडून माफी मागितली. दुधी मात्र दिवसेंदिवस निर्धास्त वाळत होता. एके दिवशी वाऱ्याने हलला आणि बाणाच्या वाटेत आला. भागोजीला तेवढ्यानेही धीर आला.

भातं झोडून झाली होती. कापलेल्या खाचरांत लाव्हऱ्या दाणे टिपायला उतरत. कोंबडा हुशार, तो तुला दाद देणार नाही, आपण लाव्हरीवर टपून बसू, असं चांगदेवने ठरवलं. दोघे बांधाआड उकिडवे बसले. थोड्या वेळाने एक लाव्हरी गवतातून निघाली. भागोजीने दोरी ओढली, आणि त्याचे ओठ हलायला लागले.

"बा देवा म्हाराजा, गावच्या गावदेवी, वेशीवरच्या राखणदारा, डोंगरावरच्या बापजाद्या, आज ह्या तुझ्या लेकराच्या बाणाला यश दे रे म्हाराजा..."

गाऱ्हाणं मध्ये सोडायचं नसतं, आणि ऐकणाऱ्याने गप्प राहायचं नसतं. चांगदेवचाही जन्म याच मुलखातला. त्याच्या तोंडून सवयीने खणखणीत निघालं, "व्हय म्हाराजा!"

लाव्हरी उडाली. तिच्याबरोबर गवतातून तिचं सगळं गोत भुर्रकन उडालं, आणि भागोजी मागच्या चिखलात बसला.

"तू बाण मारायला आलास का गाऱ्हाणं घालायला?" चांगदेव म्हणाला.

"तू व्हय का म्हनलास?"

"तू म्हाराजा म्हनलास म्हनून!"

भांडण तिथेच मिटलं, कारण दोघांचंही खरं होतं. पण चांगदेवच्या लक्षात दुखणं आलं. या माणसाची सगळी ताकद तोंडात होती आणि बाण सुटायच्या आतच ती संपत होती. त्याने बांधावरच्या झाडाचा एक टपोरा आवळा तोडून भागोजीच्या हातावर ठेवला.

"ह्यो तोंडात धर. चावायचा न्हाय, थुंकायचा न्हाय. देवाला मनात सांग. त्याला ऐकू येतं."

पुढच्या सकाळी भागोजी आवळा गालात धरून बसला. गाल मुंबईच्या पावासारखा फुगलेला, डोळ्यांत आंबटपणाने पाणी. मुंग्या पायावरून गुडघ्यापर्यंत चढल्या. एरवी त्याने त्यांना दोन शब्द सुनावले असते. बोलता येत नाही म्हटल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच त्याला रान ऐकू आलं. पेंढ्याखाली खुरखुर. मग थांबून पुन्हा खुरखुर. पेंढा हलला आणि एक लाव्हरी बाहेर आली. गोल, मातीच्याच रंगाची, घाईत असलेल्या म्हातारीसारखी तुरुतुरु. दाणा टिपला, मान वर केली.

दोरी सुटली तेव्हा भागोजीला वाटलं, ती आपण सोडलीच नाही.

धप्प.

"लागला!" चांगदेव ओरडला. "दादा, लागला!"

भागोजी काही बोलेना. चांगदेव घाबरून जवळ आला. तोंड उघडून पाहतो तर आवळा नाही. बाण लागल्याच्या धक्क्याने भागोजीने तो बीसकट गिळला होता.

लाव्हरी त्याच्या तळहातावर मावली. मावून वर जागाही उरली. "लई ल्हान हाय रं," तो पहिल्यांदा बोलला तो हे.

"मंग परत ठेवू?" चांगदेव म्हणाला. पण भागोजी तोवर बांधावरून पळत सुटला होता.

घरी सगुणाने पाखरू हातात घेतलं आणि लेकीने सांगितलेलं आठवून तिची नजर त्याच्या पायाकडे गेली.

"आई, पाय नको बघू," राही म्हणाली. "पानी तापव."

"तुला कसं कळलं?"

"त्येंचं तोंड बघ. काय तरी सांगत हायेत का?"

खरंच, भागोजी उंबऱ्यात उभा होता आणि नुसता उभा होता. चिखलाने माखलेला, पायांवर मुंग्यांचे फोड आलेला. सगुणाने खोबरं भाजलं, मसाला वाटला. एवढ्याशा पाखरासाठी एवढं वाटण म्हणजे पोराच्या बारशाला बँड बोलावल्यासारखंच, पण तिने हात आखडला नाही. वास परसातून वाटेवर गेला तेव्हा दोन शेजारणी उगाचच विस्तव मागायला येऊन गेल्या.

राही भाकरी मोडून जेवायला बसली. समोर सगुणा, उंबऱ्यात भागोजी, आणि अंगणात काही काम नसताना चांगदेव. ती कुणाकडे न पाहता जेवली. पंख चोखला, मान चोखली, बारीक हाडं कडाकडा चावली. रस्सा भाकरीने असा पुसला की वाडगा धुवायची गरज राहिली नाही. मग ती थांबली, आणि तिचा हात पोटावर गेला.

"काय झालं?" भागोजी एकदम पुढे आला.

"हललं," राही म्हणाली. "पयल्यांदाच हललं."

सगुणाने डोळ्यांना पदर लावला. चांगदेवने अंगणातूनच, आता पाखरू उडायची भीती नव्हती म्हणून, जोरात आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजा!"

"कसं झालं हुतं?" भागोजीने हळूच विचारलं.

राहीने रिकामा वाडगा त्याच्यासमोर केला.

"थोडं झालं. आता आमी दोगं हाव. उद्या दोन आणा."