मुरमाला लावलेला कान

परवा घरासमोर मुरमाचा ट्रक रिकामा झाला आणि त्या वासानं मी बहात्तरच्या दुष्काळात, मिरजगावजवळच्या तलावाच्या कामावर जाऊन पोचले. तिथं खोदणाऱ्या बायकांची पोरं मी बाभळीखाली सांभाळायची. एकोणीस वर्षांची होते.

ज्या दुपारची ही गोष्ट, तिच्या आठवडाभर आधी खोदताना दरड ढासळून शेवंताची आई गाडली गेली होती. सात वर्षांची ती पोर तेव्हापासून बोललीच नव्हती. मुकादम म्हणाले होते, “बाई, तिच्याम्होरं इषय काढू नका. पोरं इसरत्यात.”

त्या दुपारी सगळी पोरं एकाएकी गप्प झाली. मी वळून पाहिलं. शेवंतानं चिंधीची बाहुली मुरमात पुरली होती आणि त्या ढिगाला कान लावून ती पडली होती. बाकीची पोरं श्वास रोखून भोवती बसलेली.

“काय चाललंय हे?” मी ओरडले.

“बाई, गप बसा,” शेवंता म्हणाली. “आय हाका मारतीया.”

मी बाहुली उपसून लांब भिरकावली. त्यानंतर काम संपेपर्यंत शेवंता एक शब्द बोलली नाही.

तेव्हा वाटलं, पोरीला बाधा झाली. आज कळतं, तिच्याशेजारी बसून “काय म्हणते गं आई?” एवढंच विचारायचं होतं.