अर्ध्या मिनिटाचं काम

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला मराठी येत नव्हतं. पुण्याहून आलेल्या माणसानं वायरी जोडल्या, चहा घेतला आणि तो निघून गेला. मराठी बसवायचं काम माझ्याकडे आलं. कंट्रोल पॅनल उघडायचं, भाषांच्या यादीत मराठी शोधायची, मशीन मागेल ती सीडी घालायची, बंद करून पुन्हा चालू करायचं. एवढं झालं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दिसायला लागायची. तीत इंग्रजीची खूण असली की इंग्रजी उमटायचं, मराठीची असली की मराठी. मी हे एका दुपारी केलं. सगळं ऑफिस मागं उभं होतं. पडद्यावर पहिला मराठी शब्द उमटला तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "काय राव, पोरीनं मशीनला वाचा फोडली."

ऑफिस म्हणजे मंचरमधलं एका शिक्षणसंस्थेचं कार्यालय. मी अवसरी खुर्दची. आमच्या घरातच काय, सगळ्या भावकीत कॉलेज पुरं करणारी मी पहिली. दोन हजार साल उलटून गेलं होतं, तरी आमच्या आळीत मुलगी बी.कॉम. झाली हे अजून सांगायची गोष्ट होती आणि वडील ती सांगत. गिरणीत दळण टाकायला गेले तरी सांगत, "आमची पोर कॉम्प्युटरवर हाय." मी त्यांना कधी थांबवलं नाही. मलाही ते ऐकायला आवडायचं, हे इथं लिहून टाकते.

ऑफिसात टायपिंगला एक बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणायचे. वय चाळिशीच्या पुढं. डिंभ्याहून येत. एसटी आली तर एसटीनं, नाही आली तर घोडेगावपर्यंत जीपनं आणि तिथून पुढं जे मिळेल त्यानं. टाइपरायटरवर त्यांचा हात असा होता की शेजारच्या खोलीतून नुसता आवाज ऐकून हेडक्लार्क सांगत, "पत्र संपत आलं." पण नोकरी हंगामी. अकरा वर्षं हंगामी. दर वर्षी नवी ऑर्डर, मध्ये दोन दिवसांचा खंड, पुन्हा ऑर्डर. त्या दोन दिवसांतही त्या यायच्या. हजेरीपटावर सही करता येत नसे, पण काम असायचंच.

टायपिंग करताना ताई नजर कागदावरून हलवत नसत. ज्या क्लासात त्या शिकल्या तिथं म्हणे की-बोर्डवर फडकं टाकून शिकवायचे. बोटांकडे पाहिलं की शिकवणाऱ्या बाई मागून टपली मारायच्या. त्यामुळे नजर डाव्या बाजूच्या कागदावर, बोटं आपली आपण चाललेली. ओळ संपली की घंटी वाजे, डावा हात दांडी ओढे, तरी नजर कागदावरच.

माझं याच्या उलट. मी की-बोर्डवर मराठी अक्षरांची स्टिकरं चिकटवली होती आणि दोन बोटांनी शोधून शोधून मारायचे. एक दिवस ताई माझ्यामागं उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, कोंबडी दाणं टिपती तसं चाललंय तुमचं."

सगळे हसले. हेडक्लार्क तर चष्मा काढून डोळे पुसत हसले. मीही हसले. माझ्याकडे डिग्री होती, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स होता, आणि दहावीनंतर टायपिंग करून थांबलेल्या बाईनं मला कोंबडी म्हटलं होतं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर संस्थेनं ठराव केला. टायपिंगची एक जागा कायम करायची. मात्र परीक्षा कॉम्प्युटरवर. मिनिटाला तीस शब्द, दहा मिनिटं, परीक्षक पुण्याचे. पास झाल्या तर ताई कायम. नापास झाल्या तर जागेची जाहिरात द्यायची आणि ताईंना पुढची ऑर्डर नाही.

ताईंनी ठराव वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि माझ्या टेबलाशी आल्या. "मॅडम, ह्या मशीनला माझ्या टाइपरायटरवानी की-बोर्ड बसतो का?"

बसतो, हे मला माहीत होतं. अक्षरांची जागा ठरवणारे लेआउट वेगवेगळे असतात. मी वापरायचे तो नवा, सरकारनं कॉम्प्युटरसाठी ठरवलेला. टाइपरायटरच्या जागांचा लेआउट वेगळ्या सीडीवर होता. ती मी नारायणगावच्या माझ्या क्लासमधून आणली. बसवायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी रफार भलत्याच अक्षरावर चढत होता. तिसऱ्या दिवशी ताई बसल्या आणि पहिल्याच बैठकीत अशा सुटल्या की मी स्टिकरं काढूनच टाकली. ताईंना त्यांची गरज नव्हती आणि मला लाज वाटली.

एकच अडचण राहिली, अंगठ्याची. टाइपरायटरची स्पेसची पट्टी लांब असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ताईंचा डावा अंगठा वीस वर्षं त्या पट्टीच्या डाव्या टोकावर पडत आलेला. कॉम्प्युटरवर त्या जागी ऑल्टचं बटण असतं. आणि करंगळीनं शिफ्ट दाबलेली असताना अंगठा ऑल्टवर पडला की भाषा बदलते. मराठीची इंग्रजी होते. नजर कागदावर असली तर कळतही नाही.

सरावाच्या पहिल्याच आठवड्यात हे झालं. ताईंनी अर्धं पान मारलं, वर बघितलं, तर निम्म्याच्या खाली इंग्रजी अक्षरांचा कचरा. मी त्यांना कारण सांगितलं.

"टाइपरायटरला असलं काय नव्हतं," त्या म्हणाल्या. थोडा विचार करून विचारलं, "मग ही बदलाबदलीच बंद करता येत न्हाई का? मला इंग्रजी लागतंच कुठं."

"नाही ताई," मी म्हणाले. "ते कॉम्प्युटरच्या आतच असतं. अंगठा सांभाळायचा."

हे खोटं होतं. भाषांच्या खिडकीत आत गेलं की एक चौकट असते, तिच्यात एक टिक असते. टिक काढली की ऑल्ट-शिफ्टनं भाषा बदलत नाही. मी कोर्समध्ये हे स्वतः करून बघितलेलं.

का खोटं बोलले? त्या वेळी मी मनाशी कारण तयार ठेवलं होतं. मला दिवसातून वीसदा मराठीची इंग्रजी करावी लागे, टिक काढली तर दर वेळी माऊस घेऊन कोपऱ्यात जावं लागलं असतं. हे कारण खरं होतं, पण पुरतं नव्हतं. ती कोंबडी माझ्या मनातून गेली नव्हती. वाटलं, न बघता मारायचा एवढा अभिमान आहे ना, मग शिका थोडं बघायला. मी नाही का शिकले? आमच्या घरात मला कुणी काय शिकवलं होतं?

ताईंनी मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. कॉम्प्युटरमधलं मला कळतं, असंच त्या धरून चालल्या. दुसऱ्या दिवशी डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून आल्या. अंगठा जड लागला की आठवण राहते, म्हणाल्या. तीन आठवडे त्या डबा दहा मिनिटांत संपवायच्या आणि मशीनवर बसायच्या. चिकटपट्टीमुळं वेग कमी झाला, मग हळूहळू परत आला. अंगठा सरकून मधल्या स्पेसच्या पट्टीवर पडायला लागला. दिवसाला एखाद्या वेळी चूक व्हायची. मग निम्मे दिवस तीही नाही. मी रोज बघत होते. रोज मनात यायचं, आज टिक काढून टाकावी. पण काढली तर सांगावं लागणार की काढता येत होती. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी ते सांगणं आणखी अवघड व्हायचं.

परीक्षेला परीक्षक वेळेवर आले. वयस्कर, सौम्य गृहस्थ, हातात स्टॉपवॉच. मॉनिटरच्या मागच्या बाजूला, जरा कडेला खुर्ची घेऊन बसले, म्हणजे त्यांना पडदा दिसत नव्हता, ताईंचे हात दिसत होते. काही बिघडलं तर हवी म्हणून मला ताईंच्या मागं उभं केलं.

"अंगठ्याला लागलंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई न्हाई," ताई ओशाळल्या. "ते आपलं उगी." आणि त्यांनी पट्टी सोडून पर्समध्ये टाकली.

"मध्ये कुणी बोलायचं नाही," परीक्षक म्हणाले. "करा सुरू."

ताईंची नजर कागदावर गेली ती गेलीच. पहिली ओळ स्वच्छ मराठीत उमटली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर करंगळी शिफ्टवर होती, अंगठा डावीकडं पडला आणि पुढचं सगळं इंग्रजी अक्षरांत यायला लागलं. आवाज तोच, वेग तोच. फक्त मला दिसत होतं.

बोलायचं नाही असा नियम होता. मी त्या नियमाला धरून उभी राहिले. मनात म्हणत होते, अंगठा अजून एकदा तसाच पडू दे, म्हणजे मराठी परत येईल. ज्या चुकीनं घात केला तीच चूक पुन्हा व्हावी म्हणून मी वाट बघत होते. पण तीन आठवड्यांची मेहनत कामाला आली. अंगठा पुन्हा चुकला नाही. ताई इतकं चांगलं मारत होत्या. पानभर इंग्रजी अक्षरं, एका लयीत, कुठं खोडाखोड नाही. नऊ मिनिटं मी गप्प उभी राहिले. ती नऊ मिनिटं मला आजही कुणाला समजावून सांगता येत नाहीत.

"थांबा."

ताईंनी मान वर केली. पडदा वरपासून खालपर्यंत बघितला आणि मागं न वळता विचारलं, "कुठनं?"

"दुसऱ्या ओळीपासून."

"तुमी बघत व्हता?"

"हो."

परीक्षक उठून पडद्यापाशी आले. चष्मा वर-खाली केला. "बाई, यात मी मोजू काय? एक ओळ आहे. माझ्या हातात काही राहत नाही." त्यांना वाईट वाटत होतं, पण पेनाचं टोपण त्यांनी काढलं होतं.

ताई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्या भांडल्या असत्या, रडल्या असत्या, तर कदाचित मी गप्पच राहिले असते. त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं साहेब. मॅडमनी सांगितलं व्हतं अंगठा सांभाळा म्हणून."

"सर, त्यांचं नाही चुकलं," मी म्हणाले. "बोटं सगळी बरोबर पडली आहेत. ही भाषा बदलायची सोय मी बंद करायला हवी होती."

"बंद करता येते?" परीक्षकांनी विचारलं.

"येते."

खुर्ची वळल्याचा आवाज आला. ताईंच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

"मग तसं लिहून द्या," परीक्षक म्हणाले, "की परीक्षेचं मशीन नीट तयार नव्हतं, जबाबदारी तुमची. त्यावर मी दुसरी संधी देतो. आणि आधी ते बंद करा."

ताई उठल्या, मी त्यांच्या खुर्चीत बसले. भाषांची खिडकी, तपशील, आतली चौकट. टिक काढली. ओके, ओके. ताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. परीक्षकांना त्यात काही वेगळं दिसलं नसेल. सगळं मिळून अर्धं मिनिट.

"एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

दुसऱ्या खेपेला सुरुवातीला त्यांची लय लागेना. पहिल्या दोन ओळींत चार चुका. मग लागला तो जुना आवाज. बत्तीस शब्द भरले. परीक्षकांनी सही केली.

माझ्या चिठ्ठीवरून सचिवांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पदवीवर जायचं नसतं, हेच शेवटी खरं, असं दोन-तीनदा म्हणाले आणि ताकीद फायलीला लावली. घरी मी हे सांगितलं नाही. ताकीद लागण्यासारखंच मी वागले होते, त्याचं मला काही नाही. पण ताकीद मशीन तयार न ठेवल्याची होती. खोटं बोलल्याची नव्हती. ते फक्त ताईंना माहीत होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कायम झाल्याचे पेढे त्यांनी सगळ्या ऑफिसला वाटले, मलाही दिला. हेडक्लार्क म्हणाले, "दोन द्या की मॅडमला, त्यांच्यामुळं दुसरा चान्स मिळाला." ताईंनी दुसरा दिला. मी तो हातात धरून बसले. वाटत होतं, त्या विचारतील का खोटं बोललात म्हणून. विचारलं असतं तर मी कोंबडीचं सांगितलं असतं, माफी मागितली असती, कदाचित दोघी हसलोही असतो. चार दिवस मी तयारीत होते.

पाचव्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात दोनशे पानी नवी वही होती.

"मॅडम, मराठी कुठनं बसवायची, लेआउट कुठनं बदलायचा, ती टिक कुठं असती, सगळं पहिल्यापासनं दाखवा. सावकाश. मी लिहून घेती."

"त्यात काय लिहायचं ताई, लागेल तेव्हा मला हाक मारा. मी करून देईन."

"नको," त्या म्हणाल्या. रागानं नाही, एखादं नेहमीचं काम सांगावं तशा. "कुणाला इचारायला नको."

मी खुर्ची सरकवून त्यांना जागा केली आणि कंट्रोल पॅनल उघडलं. मी एकेक पायरी दाखवत गेले. त्या प्रत्येक पायरीला आकडा घालून, वळणदार अक्षरात लिहीत गेल्या. प्रत्येक ओळ लिहून झाली की मला न विचारता माऊस हातात घेत आणि तसं होतं का, ते स्वतः करून बघत.