शेवटचं शीट

सोपानकाका पळायला सुरुवात करण्याआधी तोंडानं दोनदा ‘टिन टिन’ असा आवाज काढायचे. थांबायचं असलं की एकदाच. पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, शेवटी भोकरदनहून निवृत्त झाले. हातातली घंटीची दोरी सुटली, तोंडातली घंटी काही सुटली नाही. मोतीतलावावर सकाळी फिरायला येणारी माणसं त्यांना हसायची. पहिल्या दिवशी मीही हसले.

मी जुन्या जालन्यात एका शाळेत शिकवते. तेव्हा वय त्रेचाळीस, वजनाचं विचारू नका. डॉक्टरांनी दम दिला म्हणून पळायला लागले होते आणि शंभर पावलांत कठड्यावर बसत होते. काका पळायचे असं म्हणायलाही जीभ अडखळते. भाजीची पिशवी घेऊन घाईनं घरी निघालेला माणूस त्यांना सहज मागे टाकायचा. पण ते थांबायचे नाहीत. माझ्यापाशी येऊन म्हणाले, “बाई, उठा. गाडी लेट असू द्या, चालंल. रद्द न्हाई झाली पाह्यजे.” मी चिडून उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले ते त्यांच्यासाठीच.

पुढे दर रविवारी आम्ही अंबड रस्त्याला पळू लागलो. काकांच्या खिशात मीठ-साखरेची पुडी आणि तोंडात एसटीच्या गोष्टी. त्यातली एक त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. नोकरीत नवे असताना त्यांनी गाडी रिकामी झाली का ते न बघताच डेपोत लावू दिली होती आणि मागच्या बाकावर एक म्हातारी झोपली होती. भर उन्हाळ्यात दोन तास ती आत कोंडून राहिली. “दार उघडलं तं माय नुस्ती माझ्याकडं पाहून राह्यली होती. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.” तेव्हापासून रिटायर होईपर्यंत ते रोज मागच्या बाकापर्यंत चालत जायचे. प्रवाशाला ते ‘शीट’ म्हणत. “शेवटचं शीट उतरल्याबिगर कंडक्टर उतरत न्हाई, बाई.”

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर, सात तासांच्या मुदतीत संपवायची आणि ते मेडल गळ्यात घालून घरी जायचं. दोनदा परगावी जाऊन पळाले होते. दोन्ही वेळा उशीर झाला आणि हात हलवत परत आले. “आयुष्यभर लोकायला पोचवलं. मी मात्र गाडीत उभाच. एकदा सोताच्या पायानं टायमात पोचायचंय, बस. मंग हे बूट देऊन टाकीन कुणाला.” जालन्यातच मॅरेथॉन ठरली तेव्हा ते लहान पोरासारखे खूश झाले. मला म्हणाले, “बाई, तुम्ही बी नाव द्या. डबल शीट जाऊ.”

थंडीतला दिवस होता. आम्ही दोघं सगळ्यांत मागे. काकांचा हिशेब पक्का होता: हा टप्पा इतक्या वाजता, तो टप्पा तितक्या वाजता. छत्तीस किलोमीटरपर्यंत आम्ही बरोबर वेळेत होतो, आणि तिथं माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मी रस्त्यावरच बसले, रडले. “काका, तुम्ही जा. तुमचं मेडल जाईल.” त्यांनी पुडी काढली, पाण्यात कालवली, मला प्यायला लावली आणि शेजारी उभे राहिले. “बिलकुल न्हाई,” एवढंच म्हणाले. वीस मिनिटं गेली. एकदाही त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. मग माझ्या दंडाला धरून मला चालवत नेलं.

शेवटचे दोन किलोमीटर राहिले तेव्हा माझे पाय मोकळे झाले, आणि काकांची चाल मात्र मंदावली. कपाळावर घाम होता. मी विचारलं तर हात झटकला. “मला काय धाड भरली? तुम्हाला टाईम हाय अजून. जल्दी निघा.” मी घुटमळले. तेव्हा त्यांनी घंटी दिली. टिन टिन.

मी चार मिनिटं राखून पोचले. काका आले तोवर मुदत उलटून पाव तास झाला होता. शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढली होती, पोरं खुर्च्या टेम्पोत भरत होती. त्यांच्या हातात एक केळं दिलं कुणीतरी. मी माझं मेडल काढून त्यांच्या गळ्यात घालायला गेले तर झटकन मागं सरकले. “दुसऱ्याच्या तिकिटावर कुणाला बसू दिलं न्हाई पस्तीस वर्षं. आता मीच बसू का?” हसत म्हणाले, पण डोळे भरले होते. पुढच्या वर्षी पुन्हा पळू, असंही म्हणाले.

पुढचं वर्ष आलं नाही. पोटात गाठ निघाली. उन्हाळा लागायच्या आत काका गेले.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. खुंटीला त्यांचा छातीवरचा नंबर टांगलेला होता, चारही पिना तशाच. काकूंनी चहा दिला आणि सांगायला लागल्या, “त्या दिशी लई पोटात दुखून राह्यलं होतं त्यांच्या. तुम्ही पुढं गेल्या अन् हे खालीच बसले. शेवटपर्यंत म्हणायचे, बाईनं मागं वळून पाह्यलं न्हाई हे फार बरं झालं. पाह्यलं असतं तं थांबल्या असत्या, अन् त्यांचं बी मेडल गेलं असतं.”

मी मान हलवली. चहा संपवला. काकूंना जे सांगितलं नाही, ते इथं सांगते.

मी वळून पाहिलं होतं. काका दुभाजकावर पोटाशी हात धरून, वाकून बसले होते. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि पळत सुटले.